लिहून मागणाऱ्या इंगळे मॅडम

इंगळे मॅडमच्या विरोधातलं पहिलं निवेदन मी लिहिलं होतं, आणि ते दुरुस्त करून त्यांनीच दिलं होतं.

जयपूरच्या विद्यापीठात संशोधनाला नाव घालून मला जेमतेम दोन महिने झाले होते. बाबांची बँकेतून रायपूरला बदली झाली, मानसरोवर भागातलं भाड्याचं घर सुटलं आणि मी संशोधक मुलींच्या वसतिगृहात राहायला आले. वसतिगृहाचं फाटक साडेआठला बंद व्हायचं. प्रयोगशाळेतून नऊ वाजता निघणाऱ्या मुलींना रोज चौकीदाराची मनधरणी करावी लागे, वर वॉर्डनच्या वहीत नाव चढे ते वेगळंच. तेव्हा सगळ्यांनी मिळून वॉर्डनना, म्हणजे इंगळे मॅडमना, निवेदन द्यायचं ठरवलं. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

मी ऑफिसात गेले तेव्हा त्या उभ्या होत्या. कुठलाही अर्ज त्या उभ्यानेच वाचत. बसून वाचलं की माणूस टाळाटाळ करायला लागतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ठेंगणी, काटक बाई, अंगावर फिकी कोटा साडी आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. दीड पानाचं माझं हिंदी निवेदन त्यांनी वरून खालपर्यंत वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "देर होने पर हमें शिक्षा न दी जाए," त्यांनी मोठ्याने वाचलं. "म्हणजे उशीर झाला की तुम्हाला शिकवायचं नाही?"

माझ्या काही लक्षात येईना.

"हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तुला दंड म्हणायचंय. मराठी आहेस का?"

"हो. मतलब, आम्ही साताऱ्याचे, पण आठवीपासून इकडेच."

"मतलब म्हणजे काय?"

"म्हणजे... म्हणजे."

"मग म्हणजे म्हण." त्यांनी लाल पेन घेतलं आणि माझं दीड पान तीन ओळींवर आणलं. कोणाला त्रास होतो, कशामुळे होतो, काय हवं आहे. एवढंच. "मागणी तीन ओळींत बसली नाही तर समोरचा चौथ्या ओळीत पळून जातो. जा, नीट उतरवून आण."

मी उतरवून नेलं. त्यांनी त्यावर 'प्राप्त' असा शिक्का मारला, खाली सही केली आणि एक प्रत मला परत दिली. पंधरा दिवसांत फाटकाची वेळ दहा झाली. त्यांच्याविरुद्ध तक्रार कशी करायची हे त्यांनीच शिकवलं, याचं मला हसू येत होतं. पुढे कळलं की विद्यापीठातली निम्मी निवेदनं त्यांच्या टेबलावरून तशीच लाल होऊन जात.

त्या अकोल्याच्या. विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायच्या आणि वसतिगृहाच्या आवारातल्या वॉर्डनच्या घरात एकट्या राहायच्या. दर रविवारी अकोल्याहून भावाचा फोन येई, तेव्हा खिडकीतून त्यांचं वऱ्हाडी ऐकू येई, "हो ना बाप्पा, जेवली मी, कितीदा विचारून राहिला." त्यांच्या आयुष्याबद्दल याहून फारसं मला माहीत नाही. इतक्या वर्षांत त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यांचा ठरलेला शब्द एकच होता. लिहून दे. गिझर बिघडला, लिहून दे. शेजारच्या खोलीतली रात्रभर फोनवर बोलते, लिहून दे. मेसच्या महाराजांनी एकदा काम सोडायची धमकी दिली तेव्हा त्यांनाही कागद पुढे केला. महाराज कागदाकडे बघत राहिले आणि पोळ्या लाटायला परत गेले. तोंडी बोललेल्या शब्दाचा त्यांना जरासुद्धा भरवसा नव्हता. "बोललेलं माणूस विसरत नाही," त्या म्हणत, "नाकारतो."

हजेरीची मात्र त्यांनी वही ठेवली नव्हती. संध्याकाळी जेवणाआधी त्या स्वतः खालच्या प्रत्येक खोलीच्या दारात येत, वरच्या मजल्यावरच्यांना जिन्यापाशी बोलावत आणि एकच विचारत, "आज काय झालं?" बरं आहे म्हटलेलं चालत नसे. काय वाचलं, काय फसलं, ते सांगावं लागे. साठ मुलींना तासभर लागायचा. आम्ही कंटाळायचो, नाझनीन नावाची टोंकची रसायनशास्त्राची मुलगी तर झोपल्याचं सोंग घ्यायची. पण त्यामुळे कोणाचं काम कुठे अडलंय हे त्यांना तिच्या मार्गदर्शकाच्या आधी कळत असे.

वसतिगृहाच्या जिन्याखाली एक धुरकट फोटो होता. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर वळकट्या घेऊन बसलेल्या मुली. नवीन मुलगी आली की मॅडम तिला तिथे नेत. पूर्वी ही इमारत विद्यापीठाचं गोदाम होती, संशोधन करणाऱ्या मुलींना राहायला जागाच नव्हती. त्या मुली ग्रंथालयात मुक्काम ठोकून बसल्या तेव्हा कुठे गोदाम रिकामं झालं. "हे आपल्याला कोणी दिलेलं नाही," एवढं सांगून त्या पुढे जात. फोटोत उजवीकडून दुसरी, दोन वेण्यांची मुलगी त्याच आहेत हे मला नाझनीनने दाखवलं. त्यांनी स्वतः कधी दाखवलं नाही.

त्या वर्षी आमच्यात विमला होती. नागौरकडच्या खेड्यातली, वनस्पतिशास्त्राची. खेजडीची, म्हणजे शमीची, रोपं ऐन उन्हाळ्याच्या झळा कशा सोसतात हा तिचा विषय. विभागामागच्या वाफ्यात तिने दोनशे रोपं लावली होती. तिची सगळी मोजमापं मे आणि जून या दोन महिन्यांत व्हायची होती. ते दोन महिने हुकले की वर्ष गेलं.

फेब्रुवारीत एका दुपारी तिचे काका जीप घेऊन आले. बरोबर तिघे धिप्पाड पुरुष. विमला खोलीत कडी लावून बसली आणि मला म्हणाली, "मॅडमला सांग, मी गेले तर परत येणार नाही. मुलगा ठरवलाय त्यांनी."

मॅडमनी चौघांना ऑफिसात बसवलं, माठातलं पाणी दिलं. काका म्हणाले, तिची आई आजारी आहे, घेऊन जायचंय.

"लिहून द्या," मॅडम म्हणाल्या. "आजार कोणता, कुठे दाखवलंय, किती दिवसांसाठी नेता. खाली सही करा. मग विमलाही लिहून देईल, जायचंय की नाही. सज्ञान आहे ती."

काकांनी पेन घेतलं. कागदावर काही उमटलं नाही. बरोबरच्यांपैकी एक उठून खोल्यांकडे जाणाऱ्या आतल्या फाटकाकडे चालायला लागला, तर चौकीदाराने आधीच कुलूप घातलेलं. मी दाराशी उभी होते. मॅडम मात्र समोरच्या खुर्चीत हात बांधून बसल्या होत्या, जसं काही पेपर सोडवणाऱ्या पोरावर देखरेख करतायत. दोन तास गेले. शेवटी काका उठले.

"बाईजी, उन्हाळ्यात हे सगळं बंद होतं ना? तेव्हा येतो."

"हे बंद होत नाही. संशोधनाला सुट्टी नसते."

"आणि झालं तर?"

"झालं तर न्या," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी ते सहज म्हटलं. ते वसतिगृह सुरू झाल्यापासून एकाही उन्हाळ्यात बंद झालेलं नव्हतं. कडी काढून आलेली विमला दाराआड उभी होती, तिने ते ऐकलं.

एप्रिलच्या शेवटी आदेश आला. इमारतीच्या दुरुस्तीसाठी संशोधक मुलींचं वसतिगृह दोन महिने रिकामं करावं. दुरुस्ती नावाला होती. एक मोठं संमेलन भरायचं होतं आणि पाहुण्यांची सोय करायची होती, हे मेसच्या महाराजांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. मॅडमनी तीन निवेदनं दिली. तिसरं त्यांनी स्वतः कुलसचिवांच्या हातात ठेवलं. उत्तर आलं नाही. आठवड्याने ताकीद आली की वॉर्डनने आपल्या सहीने नोटीस लावावी.

त्यांनी ती लावली. जिन्याखाली, त्या फोटोच्या शेजारीच फळा होता, तिथे. आम्ही सगळ्या उभ्या होतो. विमला पुढे झाली, तिने नोटीस वाचली आणि खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, ही सही तुमची आहे."

"हो."

"मग काकांना कळवू, यायला?"

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मेसमधून आरडाओरडा ऐकू आला. विमला आणि नाझनीन वसतिगृहामागच्या पाण्याच्या टाकीवर चढल्या होत्या.

टाकीवर चढणं ही तिकडे राजस्थानात रीतच आहे. कोणाचं काही ऐकलं जात नाही तेव्हा माणसं टाकीवर चढतात आणि वरून मागणी ओरडून सांगतात. वर्तमानपत्रात वाचताना ते नेहमीचं वाटतं. आपल्या खोलीतली मुलगी तिथे, एवढ्या उंचावर, काठाशी पाय सोडून बसलेली बघणं निराळं. टाकी विद्यापीठाइतकीच जुनी. मधल्या खांबाला वळसे घालत सिमेंटचा जिना तीन टप्पे वर जायचा, तिसऱ्या टप्प्यापासून वर नुसती लोखंडी शिडी. तिसऱ्या टप्प्याचा एका बाजूचा कठडा गंजून कधीच पडला होता.

तासाभरात पोलीस आले, अग्निशमनची गाडी आली, जाळं धरून माणसं उभी राहिली. कॅमेरे आले. विद्यार्थी संघाचा एक पुढारी भोंगा घेऊन भाषण करायला लागला. मॅडम त्याच्याजवळ गेल्या, त्याच्या हातातून भोंगा काढून घेतला आणि माझ्याकडे दिला. तो त्यांचाच विद्यार्थी होता. मग त्यांनी मेसमधली प्लास्टिकची खुर्ची मागवली आणि टाकीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीसमोर ठेवून तिच्यावर बसल्या. चढायचं तर त्यांना बाजूला करावं लागलं असतं. पोलिसांपैकी कोणी ते केलं नाही.

ऊन भाजत होतं. कोणीतरी त्यांच्यावर छत्री धरायला आलं.

"वर छत्री आहे का?" त्यांनी विचारलं.

तो माणूस छत्री मिटून मागे गेला.

दोन वाजेपर्यंत वरून आवाज येत होता. घोषणा नव्हे, विमला पुन्हा पुन्हा तीनच वाक्यं म्हणत होती. वसतिगृह बंद करू नका, आमचं काम इथे आहे, लेखी द्या. कोणी चढलं तर आम्ही उडी मारू, असं एकदा नाझनीन ओरडली. तीननंतर नाझनीनचा आवाज आला नाही. त्यांच्याकडची पाण्याची बाटली रिकामी होऊन खाली पडली. चारला विमलाही बोलायची थांबली. नुसते चार पाय दिसत होते, आणि त्यातले दोन हलत नव्हते.

कुलसचिव तेव्हा आले. त्यांच्या डाव्या हाताला ठाणेदार उभा. ठाणेदार म्हणाला, आता वाट बघून चालणार नाही, आम्ही माणसं चढवतो. मॅडम खुर्चीवरून उठल्या. मी त्यांच्यामागेच होते, म्हणून त्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं.

"दोन गोष्टी लिहून द्या," त्या कुलसचिवांना म्हणाल्या. "जुलैपर्यंत वसतिगृह बंद होणार नाही. या दोघींवर गुन्हा दाखल होणार नाही. मी वर जाऊन कागद दाखवते, त्या उतरतील."

"मॅडम, कागदाला कुलगुरूंची मंजुरी लागते. ते दिल्लीत आहेत."

"फोन करा."

"लागत नाहीये. तुम्ही मला इतकी वर्षं ओळखता. माझा शब्द आहे. दोन्ही गोष्टी दिल्या. जा, उतरवा पोरींना."

मॅडमनी वर पाहिलं. ते न हलणारे दोन पाय. मग कुलसचिवांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडून 'लिहून द्या' हा शब्द पुन्हा येणार असं मला वाटलं, तो आला नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. पर्स माझ्या हातात दिली, साडीचा पदर कमरेला खोचला. "मागून येऊ नको."

पहिला टप्पा त्या भराभर चढल्या. दुसरा सावकाश. तिसऱ्या टप्प्यावर, जिथे कठडा नव्हता, तिथे त्या थांबल्या. आम्हाला वाटलं, दम घेतायत. मग त्या हळूहळू खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी मधल्या खांबाला मिठी मारली. मिनिटं गेली. त्या हलेनात. जमावातून कुजबुज सुरू झाली. त्यांच्या विभागातले एक प्राध्यापक माझ्या शेजारी होते, ते अगदी हळू म्हणाले, "अहो, यांना उंचीची भीती आहे. वीस वर्षं त्यांनी तळमजल्याच्या वर वर्ग घेतलेला नाही."

पुढचं मला नाझनीनने सांगितलं. मॅडमचा आवाज खालून आला, आधी नुसताच विमला, विमला. मग म्हणाल्या, "मले उतरता येत नाही." हिंदी विसरल्या होत्या. विमलाला शब्द कळले नाहीत, आवाज कळला. तिने काठावरून वाकून पाहिलं. बाईंनी डोळे घट्ट मिटले होते आणि त्यांचा एक बूट कडेच्या बाहेर लोंबत होता.

विमला शिडी उतरून आली. नाझनीनला तिने आपल्या आधी उतरवलं होतं, आता ती मॅडमच्या पुढे एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून बसली. मॅडमचा एकेक पाय हातात धरून तिने तो एकेका पायरीवर ठेवला. तिसरा टप्पा, दुसरा, पहिला. पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात मॅडमनी तिला कुलसचिवांचा शब्द सांगितला, बंद होणार नाही, गुन्हा नाही. विमलाने विचारलं, लेखी आहे? मॅडमनी डोळे न उघडता नाही म्हणून सांगितलं. तेव्हा त्या दुसऱ्या टप्प्यावर होत्या. परत वर जाण्याएवढी ताकद विमलात राहिली नव्हती.

दोन दिवसांनी गुन्हा दाखल झाला. दोघींच्या नावाने. त्याच दिवशी विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं, आवारात पाय ठेवायची बंदी घातली. वसतिगृह बंद झालं नाही, ते मात्र खरं. आम्ही अठ्ठावन्न जणी तिथेच राहिलो.

विमला सामान न्यायला आली तेव्हा मॅडम फाटकाशी उभ्या होत्या.

"तुम्ही मुद्दाम केलंत का?" विमलाने विचारलं. "ते बसणं, ते घाबरणं?"

"नाटक येत असतं तर सकाळीच केलं असतं. दिवसभर तुम्हाला तापू दिलं नसतं."

"आम्हाला तुम्ही खाली आणलंत, मॅडम."

"हो."

"लेखी नसताना."

"हो."

विमला पिशवी उचलून गेली. टोंकला नाझनीनच्या घरी. नागौरला बातमी पोहोचली होतीच. वडिलांनी फोनवर एवढंच सांगितलं की आता येऊ नको. काका परत आले नाहीत, कारण न्यायलाच कोणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी मला हाक मारली. "स्नेहल, चल. मागे बस." त्यांच्या स्कूटीवर बसून आम्ही ठाण्यात गेलो. ठाणेदार खुर्चीतून उठला, बसा म्हणाला. त्या बसल्या नाहीत. त्यांनी एक कागद पुढे ठेवला. तीन ओळी होत्या. अमुक दिवशी मी, कुमुद इंगळे, त्याच टाकीवर विनापरवानगी चढले. तो गुन्हा असेल तर तो मीही केला आहे. माझं नाव घालावं.

ठाणेदाराने दोनदा वाचलं. "मॅडम, तुम्ही तर त्यांना उतरवायला चढला होतात."

"कलमात तसं लिहिलंय? उतरवायला चढलं तर चालतं?"

"हेतू बघतात, मॅडम."

"मग त्यांचा पाहिलात का?"

पंखा करकरत होता. कोपऱ्यातल्या हवालदाराने लिहिणं थांबवलं होतं.

मॅडमनी दुसरा कागद काढला. "कुलसचिवांनी शब्द दिला तेव्हा तुम्ही त्यांच्या डावीकडे उभे होता. मी फक्त एवढंच लिहिलंय की तुम्ही तिथे होता. काय ऐकलंत ते तुम्ही लिहा."

"माझी नोकरी आहे, मॅडम."

"माझीही आहे. अजून पाच महिने."

त्याने दोन्हींवर शिक्का मारून प्रती परत दिल्या. बाहेर आल्यावर मॅडमना स्कूटीला किल्ली लावता येईना. मी किल्ली घेतली, त्या मागे बसल्या.

त्या आठवड्यात त्यांचं वॉर्डनपद काढून घेतलं गेलं. शिस्तभंगाचा आरोप ठेवून चौकशी लावली. त्यांनी घर रिकामं केलं आणि मानसरोवरमध्ये तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या. शिकवायची मनाई नव्हती, पण उन्हाळ्यात वर्ग नसतात. तरी त्या रोज आवारात यायच्या. सकाळी सहाला आणि भर दुपारी दोनला. वनस्पतिशास्त्राच्या मागच्या वाफ्यात बसून दोनशे रोपांची पानं मोजायच्या, मातीचं तापमान घ्यायच्या, पाणी घालायच्या. विमलाला आत यायची बंदी होती आणि रोपांना उन्हाळा थांबणार नव्हता. मी जमेल तेव्हा मदतीला जायची. मला दुपारी पाच मिनिटं बसवत नसे. त्या डोक्यावर ओला पंचा टाकून ओळीमागून ओळ पुढे सरकत. एकदा मी म्हटलं, मॅडम, तुमचा हा विषयही नाही.

"आकडे माझा विषय आहेत," त्या म्हणाल्या. "रोप क्रमांक एकशे बारा. पानं सात. लिही."

वह्या भरल्या की मी टोंकच्या बसने नेऊन द्यायची. विमला घ्यायची. अक्षर कोणाचं आहे हे तिने कधी विचारलं नाही. तिला ते अक्षर माहीत होतं, तीन वर्षं ते तिने फळ्यावरच्या सूचनांत वाचलं होतं.

चौकशी समितीपुढे ठाणेदाराने एक ओळ लिहून दिली. कुलसचिवांनी आश्वासन दिल्याचे ऐकले. एवढंच. त्या ओळीवर मुलींचं निलंबन पावसाळ्यानंतर उठलं. गुन्हा मात्र पुढच्या वर्षीपर्यंत लोंबकळत राहिला आणि मग बंद झाला. मॅडमचं नाव त्यात शेवटपर्यंत घातलं गेलं नाही. त्यांची चौकशी कोणी बंद केली नाही. त्या निवृत्त झाल्या तेव्हा ती चालू होती, म्हणून निरोप समारंभ झाला नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी दुपारचा वर्ग घेतला, फळा पुसला आणि घरी गेल्या.

विमलाचा प्रबंध दोन वर्षांनी पूर्ण झाला. तिची छापील प्रत हातात आली तेव्हा मी आधी आभाराचं पान उघडलं. नाझनीन होती, मी होते, वाफ्याचा माळी होता. मॅडम नव्हत्या. मी विमलाकडे पाहिलं. ती म्हणाली, "लिहायला बसले होते. चार वेळा. काय लिहू ते कळलं नाही. त्यांच्यामुळे काम वाचलं. आणि माझी आई दोन वर्षं माझ्याशी बोललेली नाही."

तोंडी परीक्षा झाली त्या दिवशी संध्याकाळी ती आपणहून म्हणाली, मानसरोवरला जाऊ. मला पुण्याला नोकरी लागली होती, आठवड्यात जयपूर सोडायचं होतं, मलाही भेटायचं होतं. आम्ही ऑटो केली. मॅडमच्या गल्लीशी पोहोचलो, घराचा दिवा दिसत होता. मी उतरले. विमला बसूनच राहिली.

"तू जा," ती म्हणाली. "माझं होत नाहीये."

मी फाटक उघडलं. मॅडम दार उघडून बाहेर आल्या, घरातल्या स्लिपरवर. केस पुष्कळ पांढरे झाले होते, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, हिरवी पट्टी होती. मला काही विचारायच्या आधीच त्यांची नजर माझ्या मागे रस्त्यावरच्या ऑटोकडे गेली. आत कोण आहे ते मी सांगितलं नाही. "झाली का परीक्षा?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

त्यांनी दार नुसतं ओढून घेतलं, कुलूपही लावलं नाही. माझ्या बाजूने चालत त्या रस्त्यावर गेल्या. ऑटोच्या दुसऱ्या बाजूने आत शिरल्या आणि विमलाशेजारी बसल्या. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मॅडम पुढे वाकून ऑटोवाल्याला, एक चक्कर मारून आण, असं काहीतरी म्हणाल्या. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, ही पोरगी राहिली की काय अशा नजरेने, मग गाडी सुरू केली.

मी त्यांच्या उघड्या घराच्या पायरीवर थांबले. ऑटोच्या मागच्या लहान काचेतून दोन डोकी दिसत होती, मधे वीतभर अंतर ठेवून. मेट्रोच्या खांबांपाशी ऑटो वळली. वळताना त्यातलं एक डोकं दुसऱ्याकडे झुकलं. कोणाचं कोणाकडे, ते मला इतक्या लांबून नीट दिसलं नाही.